चौकट कोणी ठरवायची? : बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि सुगम्य चित्रपट-शिक्षण

प्रस्तावना

संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' हा चित्रपट १९९१ साली प्रदर्शित झाला. बालपणीच्या अपघाताने बौद्धिक वाढ खुंटलेल्या नंदूची भूमिका त्यात दिलीप प्रभावळकर यांनी साकारली आणि मराठी प्रेक्षकांच्या मनात ती आजही ताजी आहे. त्यानंतर २३ वर्षांनी, २०१४ साली, महेश लिमये यांचा 'येलो' आला. डाउन सिंड्रोम असलेल्या पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांच्या जीवनावर तो आधारित होता आणि त्यातील भूमिका त्यांनी स्वतःच केली. ६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या अभिनयाची विशेष दखल घेण्यात आली. या दोन चित्रपटांमधील अंतर हे मराठी चित्रपटाच्या जाणिवेतील एका मोठ्या बदलाचे द्योतक होय. पहिल्यात बौद्धिक अक्षमता हा कुशल नटाच्या अभिनयाचा विषय आहे. दुसऱ्यात ती व्यक्ती स्वतःच पडद्यावर अवतरते. तथापि एक गोष्ट दोन्हींत समान राहिली. कॅमेरा कोठे ठेवायचा, कोणते दृश्य राखायचे व कोणते गाळायचे, हा निर्णय दोन्ही वेळा इतरांचाच होता.

हा निर्णय अशा व्यक्तींच्या हाती यावा म्हणून गेल्या सुमारे वीस वर्षांत ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व अमेरिका या देशांत चित्रपटनिर्मितीचे सुगम्य वर्ग उभे राहिले. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले. समीक्षा त्या मानाने कमी झाली. प्रस्तुत लेखात या वर्गांची कार्यपद्धती आणि त्यांच्या परंपरेतील काही चित्रपट यांचा विचार केला आहे. अशा वर्गाचे मोल विद्यार्थ्यांनी कॅमेरा हाताळला की नाही यावरून ठरत नाही. निर्णय कोणी केला यावरून ते ठरते, हे येथील प्रतिपादन आहे.

'सुगम्य' आणि 'सोपे'

या दोन शब्दांत गल्लत होते, म्हणून त्यांची प्रथम फोड करणे आवश्यक आहे. जेथे पोहोचता येते ते सुगम्य. सार्वजनिक इमारतीला चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला म्हणजे इमारतीचा मजला कमी होत नाही. फक्त वर जाण्याचा मार्ग बदलतो. शिक्षणातही हेच तत्त्व लागू पडते. चित्रपटाचा इतिहास, दृश्याची रचना, ध्वनी, संकलन यांपैकी काहीही न वगळता ते सोप्या वाक्यांत, चित्रांच्या साहाय्याने, पुनरावृत्तीने व प्रत्यक्ष कृतीतून शिकविणे म्हणजे सुगम्य शिक्षण होय. याउलट अवघड भाग काढून टाकून उरलेल्या भागाला अभ्यासक्रम म्हणणे हे केवळ सोपे करणे आहे, आणि त्यात विद्यार्थ्याविषयीचा अविश्वास लपलेला असतो.

कायद्याची भाषाही पहिल्या अर्थाच्या बाजूने आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारातील ३०वे कलम सांस्कृतिक जीवनातील सहभागाविषयी आहे. अपंग व्यक्तींच्या सर्जनशील क्षमतेचा विकास त्यांच्या स्वतःच्या लाभासाठी व्हावा, तसाच तो समाजाच्या समृद्धीसाठीही व्हावा, अशी भूमिका त्यात घेतलेली आहे. भारताने २००७ साली या कराराला मान्यता दिली. त्याला अनुसरून झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अक्षमतांचा समावेश असून बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता या दोन्ही त्यांत येतात. याच अधिनियमाच्या २९व्या कलमात कलाविषयक अभ्यासक्रमांची पुनर्रचना करण्याचा उल्लेख आहे. 'पुनर्रचना' हा शब्द येथे महत्त्वाचा. अपंग विद्यार्थ्याला जुन्या वर्गाच्या मागच्या बाकावर जागा देणे एवढ्याने ही अपेक्षा पूर्ण होत नाही.

चित्रपटनिर्मितीची रीत आणि तिची अनुकूलता

चित्रपटनिर्मिती हे अत्यंत गुंतागुंतीचे काम असल्यामुळे ते अशा व्यक्तींच्या आवाक्याबाहेरचे आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात या व्यवसायाची काही साधने मुळातच सुगम्य आहेत. नॉर्थ कॅरोलायना येथे १९७२ साली सुरू झालेल्या 'टीच' कार्यक्रमाने स्वमग्न व्यक्तींसाठी चित्रमय वेळापत्रकाची पद्धत रूढ केली. कोणते काम कोठे, कोणत्या क्रमाने करायचे आणि ते संपले हे कसे ओळखायचे, हे चित्रांद्वारे स्पष्ट करणे हा तिचा गाभा आहे. चित्रीकरणाची दैनिक पत्रिका आणि प्रत्येक दृश्याचे रेखाटन असलेला स्टोरीबोर्ड हे नेमके हेच कार्य करतात. क्लॅपच्या आवाजाने शॉट सुरू होतो आणि 'कट' या शब्दाने संपतो. प्रत्येकाचे काम नेमून दिलेले असते. ज्या व्यक्तीला अनिश्चिततेचा त्रास होतो तिच्यासाठी ही शिस्त आधार ठरू शकते.

परंतु याच व्यवसायाच्या काही सवयी तितक्याच प्रतिकूल आहेत. प्रखर दिवे, गोंगाट, तासन्‌तास वाट पाहणे, आयत्या वेळी बदललेला क्रम, बारा-बारा तासांच्या पाळ्या व आरडाओरड यांनी कोणीही थकतो. संवेदनांची तीव्रता अधिक असलेली स्वमग्न व्यक्ती तेथे टिकूच शकत नाही. शांत विश्रांतीची जागा, आगाऊ कळविलेले बदल, मर्यादित तास आणि एका वेळी एकच सूचना या गोष्टी खर्चिक नाहीत. त्या केल्या तर संपूर्ण चमूचेच काम सुधारते. म्हणून सुगम्य वर्गाची पहिली कसोटी विद्यार्थ्याने किती जुळवून घेतले ही नसून चित्रणस्थळाने किती जुळवून घेतले, ही होय.

या ठिकाणी एका प्रचलित गृहीतकाबाबत सावध राहणे इष्ट. स्वमग्न व्यक्ती चित्रांतून विचार करतात, म्हणून चित्रपट हे त्यांचे नैसर्गिक माध्यम आहे, असे म्हटले जाते. टेम्पल ग्रँडिन यांच्या १९९५ च्या 'थिंकिंग इन पिक्चर्स' या आत्मपर ग्रंथामुळे हा विचार लोकप्रिय झाला. परंतु २००६ च्या विस्तारित आवृत्तीत सर्वच स्वमग्न व्यक्ती चित्रांतून विचार करीत नाहीत, काही शब्दांतून तर काही आकृतिबंधांतून करतात, अशी दुरुस्ती ग्रँडिन यांनी स्वतः केली. एका वर्गातील दहा विद्यार्थी दहा प्रकारे पाहतील, हे गृहीत धरूनच अभ्यासक्रम आखावा लागतो.

सिडनीचा वर्ग : यश आणि मर्यादा

सिडनी येथील 'बस स्टॉप फिल्म्स' ही संस्था या क्षेत्रातील एक महत्त्वाचे उदाहरण होय. जेनेव्हीव्ह क्ले-स्मिथ व एलेनॉर विंकलर यांनी २००९ साली तिची स्थापना केली. त्याच वर्षी क्ले-स्मिथ यांच्या 'बी माय ब्रदर' या लघुपटाने ट्रॉपफेस्ट या महोत्सवात प्रथम पारितोषिक मिळविले आणि त्यातील डाउन सिंड्रोम असलेले अभिनेते जेरार्ड ओ'ड्वायर हे सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. पुढे या संस्थेने बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता असलेल्या प्रौढांसाठी नियमित अभ्यासक्रम उभा केला. सिडनीतील वर्ग ऑस्ट्रेलियन फिल्म, टेलिव्हिजन अँड रेडिओ स्कूल या राष्ट्रीय संस्थेत भरू लागले आणि नंतर अन्य शहरांतही त्यांचा विस्तार झाला. चित्रपटाचा सिद्धान्त व इतिहास वर्गात शिकवायचा आणि व्यावसायिकांच्या सोबतीने लघुपट घडवायचा, असा हा क्रम आहे. प्रौढ विद्यार्थ्यांना विशेष शाळेच्या आवारात न ठेवता देशाच्या प्रमुख चित्रपटसंस्थेत आणणे, ही या प्रयोगाची मोठी कमाई मानावी लागेल.

तथापि लघुपटांकडे समीक्षकाच्या नजरेने पाहिल्यास काही प्रश्न उभे राहतात. 'बी माय ब्रदर'मध्ये डाउन सिंड्रोम असलेला तरुण बसथांब्यावर एका अनोळखी व्यक्तीशी बोलतो आणि तिचे पूर्वग्रह ढासळतात. ओ'ड्वायर यांचा सहजपणा व विनोदबुद्धी यांमुळे लघुपट जिवंत होतो. परंतु कथेचा भार अखेर दुसऱ्याच्या सुधारणेवर आहे. अपंग पात्राने इतरांचे डोळे उघडावेत, हे जणू त्याचे नेमून दिलेले काम. २०१२ चा 'द इंटरव्ह्यूअर' यापुढे एक पाऊल टाकतो. एका प्रतिष्ठित वकिली कार्यालयात मुलाखतीस आलेल्या उमेदवारासमोर मुलाखत घेणारा म्हणून ओ'ड्वायर बसलेले आहेत. ते त्याच्या टायची खिल्ली उडवितात आणि हॅरी पॉटरमधील प्रवेश करून दाखवितात. नेहमी ज्याची परीक्षा घेतली जाते तो येथे परीक्षक झाला आहे आणि त्याला खोडकर, प्रसंगी उद्धटही वागण्याची मुभा आहे. सद्‍गुणांच्या ओझ्यातून अपंग पात्राची ही सुटका स्वागतार्ह होय. परंतु या लघुपटातही प्रेक्षक उमेदवाराच्या बाजूने आत शिरतो, आणि उलटापालट अखेर पिता-पुत्रांच्या भावनिक कथेत स्थिरावते. दिग्दर्शनाची सूत्रे प्रशिक्षित दिग्दर्शकांकडे असल्याचा हा परिणाम असावा. सत्ता पडद्यावर उलटली, पडद्यामागे ती तितकी उलटली नाही.

संकलनाचे टेबल

या वर्गांचा खरा कस संकलनाच्या टेबलावर लागतो. समजा, एका विद्यार्थ्याने छताच्या पंख्याचा तीन मिनिटांचा अखंड शॉट घेतला आहे. शिक्षकाला तो कंटाळवाणा वाटतो. महोत्सवाची तारीख जवळ आली आहे, पालकांना चित्रपट 'चांगला' दिसायला हवा आहे, देणगीदारांना तो दाखवायचा आहे. शॉट चार सेकंदांचा होतो, त्याखाली संगीत येते आणि चित्रपट नीटनेटका होतो. श्रेयनामावलीत मात्र दिग्दर्शक म्हणून विद्यार्थ्याचे नाव राहते. येथे कोणाचीही लबाडी नाही. सर्वांचा हेतू चांगलाच आहे. परंतु त्या तीन मिनिटांत त्या व्यक्तीचे पाहणे होते, आणि तेच गाळले गेले. उरला तो शिक्षकाचा चित्रपट.

यावर असा आक्षेप घेता येईल की चित्रपट ही मुळातच सामूहिक कला आहे. थोर दिग्दर्शकही छायाचित्रकार व संकलक यांच्यावर विसंबून असतो. मग बौद्धिक अक्षमता असलेल्या दिग्दर्शकाला मिळालेल्या मदतीचीच झडती का घ्यावी? हा आक्षेप सार्थ आहे. त्याचे उत्तर उपरोक्त कराराच्या १२व्या कलमात सापडते. कायद्याच्या दृष्टीने सर्व व्यक्तींची क्षमता समान मानून निर्णय घेण्यासाठी लागणारे साहाय्य पुरवावे, अशी त्या कलमाची दिशा आहे. व्यक्तीच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेणे आणि व्यक्तीला निर्णय घेण्यास साहाय्य करणे, यांत मूलभूत भेद आहे. पालकत्वाच्या कायद्यासंदर्भात चर्चिला जाणारा हा भेद संकलनकक्षातही तंतोतंत लागू होतो. शिक्षकाने शॉटच्या तीन लांबी तयार करून क्रमाने दाखवाव्यात, प्रत्येकीचा परिणाम सांगावा, उत्तरासाठी वेळ द्यावा. बोलता न येणाऱ्या विद्यार्थ्याला चित्रपत्राने किंवा बोटाने निवड करू द्यावी. हे साहाय्य झाले. शिक्षकाने शॉट आपल्याच पसंतीने कापून नंतर 'आवडला ना?' असे विचारणे हे निर्णयाचे अपहरण झाले, कारण बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक व्यक्तींना आयुष्यभर 'हो' म्हणण्याचीच सवय लावलेली असते.

निर्णय खरोखर हस्तांतरित झाला म्हणजे काय घडते, याची काही उदाहरणे उपलब्ध आहेत. 'नॉर्मल पीपल स्केअर मी' (२००६) हा अमेरिकी माहितीपट टेलर क्रॉस या स्वमग्न किशोराने दिग्दर्शित केला. त्याच्या निर्मितीत त्याची आई व जोई ट्रॅव्होल्टा यांचे साहाय्य होते. ट्रॅव्होल्टा हे पूर्वी विशेष शिक्षक होते व पुढे २००७ साली त्यांनी विकासात्मक अक्षमता असलेल्यांच्या चित्रपट-प्रशिक्षणासाठी 'इन्क्लूजन फिल्म्स' ही संस्था सुरू केली. या माहितीपटात प्रश्न विचारणारा स्वमग्न आहे आणि उत्तरे देणारेही बहुतांशी स्वमग्न आहेत. तज्ज्ञाचे निवेदन केंद्रस्थानी नाही. सामान्य माणसेच भीतिदायक वाटतात, हे शीर्षकच पाहणाऱ्याची व पाहिल्या जाणाऱ्याची जागा बदलते. ऱ्होड आयलंडमधील सॅम सचमन व मॅटी झुफेल्ट या डाउन सिंड्रोम असलेल्या मित्रांनी 'स्प्रिंग ब्रेक झोम्बी मॅसेकर' (२०१६) हा रक्तबंबाळ भयपट कल्पिला आणि लोकवर्गणीतून तो साकारला. त्यात उपदेश नाही, कणव नाही. त्या दोघांना जे पाहायला आवडते ते आहे. हितचिंतकांच्या मंडळाने असा विषय कदाचित नाकारला असता, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा ठरतो.

या दृष्टीने 'द स्टिमिंग पूल' (२०२४) हा ब्रिटिश चित्रपट विशेष लक्षणीय आहे. पाच स्वमग्न कलावंतांचा 'न्यूरोकल्चर्स कलेक्टिव्ह' हा गट आणि स्टीव्हन ईस्टवुड यांनी तो संयुक्तपणे दिग्दर्शित केला. एका नायकाची सलग कथा त्यात नाही. एका व्यक्तीकडून दुसरीकडे कॅमेरा सरकत राहतो. डोळ्यांच्या हालचाली मोजणारी चाचणी त्यात आहे आणि स्वतःचे वेगळेपण लपवीत वावरावे लागणारे कार्यालयही आहे. स्वमग्नतेवरील नेहमीचा चित्रपट त्या व्यक्तीकडे बाहेरून पाहतो. येथे पाहण्याची रीतच स्वमग्न आहे. चित्रपट सर्वांना सुलभ वाटेल असे नाही. परंतु त्याची अवघड रचना ही सदोष शिक्षणाची खूण नसून एका वेगळ्या जाणिवेची शैली आहे, हे ओळखणे समीक्षकाचे काम होय.

परीक्षक कोण?

निर्मितीइतकाच निवडीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ब्रायटन येथे कॅरोसेल या कलासंस्थेने २००४ साली सुरू केलेल्या ऑस्का ब्राइट चित्रपट महोत्सवात अध्ययन-अक्षमता व स्वमग्नता असलेल्या व्यक्तींचे चित्रपट दाखविले जातात आणि त्यांची निवडही अशाच व्यक्तींचे मंडळ करते. या व्यवस्थेमुळे 'त्यांच्या मानाने छान' हा निकष आपोआप बाद होतो. आपल्यासारख्याच व्यक्तीचा चित्रपट कंटाळवाणा असल्यास तो कंटाळवाणा आहे, असे म्हणण्याचा संकोच या परीक्षकांना वाटण्याचे कारण नाही. सरसकट टाळ्या हा सन्मान नव्हे. ज्या कृतीत दोष दाखविता येत नाहीत ती कृती कलाकृती म्हणून अद्याप स्वीकारलेलीच नसते.

महाराष्ट्रातील विशेष शाळांच्या संदर्भात हा मुद्दा विचारणीय आहे. मुंबईत १९४४ साली सुरू झालेल्या जय वकील शाळेपासून राज्याला विशेष शिक्षणाची दीर्घ परंपरा लाभली आहे. कार्यशाळांतून घडणाऱ्या पणत्या, मेणबत्त्या व कागदी पिशव्या दिवाळीच्या सुमारास घरोघर विकत घेतल्या जातात. स्नेहसंमेलनांत नृत्ये सादर होतात व टाळ्याही मिळतात. या उपक्रमांनी अनेकांना कौशल्य व आत्मविश्वास दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु पणतीचा साचा ठरलेला असतो, नृत्याच्या हालचाली शिक्षकाने बसविलेल्या असतात. 'तुला काय दाखवायचे आहे?' हा प्रश्न तेथे सहसा उद्‍भवत नाही. चित्रपटाचा वर्ग या प्रश्नावाचून सुरूच होऊ शकत नाही. साधा भ्रमणध्वनी हाती आला तरी तो कोणीकडे रोखायचा हे ठरवावेच लागते, आणि त्या क्षणी विद्यार्थी कामगार न राहता कर्ता होतो.

अर्थात वर्गानंतर काय, हा प्रश्न उरतोच. कॅलिफोर्नियातील 'एक्सेप्शनल माइंड्स' या २०११ साली सुरू झालेल्या संस्थेने स्वमग्न तरुणांना सचेतपट व दृश्यपरिणाम यांचे व्यावसायिक शिक्षण देऊन मोठ्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीपर्यंत नेले. अभिनयाच्या क्षेत्रात स्पॅनिश 'चँपियन्स' (२०१८) आणि त्यावर आधारित हिंदी 'सितारे ज़मीन पर' (२०२५) यांनी अशा कलावंतांना मध्यवर्ती भूमिका दिल्या. ही प्रगती मोलाची आहे. परंतु रोजगार आणि कर्तृत्व या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पगार मिळणे हा हक्क आहे, आपल्या दृष्टीने जग दाखविणे हाही हक्क आहे; एक मिळाला म्हणून दुसऱ्याची मागणी संपत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून अशा वर्गांच्या व त्यांतून निघणाऱ्या चित्रपटांच्या मूल्यमापनासाठी पुढील कसोट्या सुचविता येतात.

१. विषय कोणी निवडला आणि नको असलेला विषय नाकारण्याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्याला होते काय?
२. संकलनात जे गाळले गेले ते कोणाच्या निर्णयाने, आणि पर्याय दाखवून गाळले गेले काय?
३. श्रेयनामावलीत साहाय्यकांचे कार्य प्रामाणिकपणे नोंदविले आहे काय?
४. चित्रपट कोणाला, कोठे दाखविला जाईल हे समजेल अशा भाषेत सांगून संमती घेतली होती काय?
५. चित्रपटाचे परीक्षण चित्रपट म्हणून झाले काय?

'चौकट राजा'ने मराठी प्रेक्षकाला एका उपेक्षित माणसावर प्रेम करायला शिकविले. 'येलो'ने त्या माणसाला स्वतःच्या चेहऱ्यानिशी समोर उभे केले. यापुढचा टप्पा प्रेमाचा वा कौतुकाचा नसून अधिकाराचा आहे. ज्यांच्याकडे आजवर पाहिले गेले त्यांनी कोणाकडे, किती वेळ आणि कोठून पाहायचे हे स्वतः ठरविणे, एवढाच त्याचा अर्थ. तो तीन मिनिटांचा पंखा प्रेक्षकाला आवडेल किंवा आवडणार नाही. परंतु तो पडद्यावर राहिला पाहिजे. कारण त्यावर मत देण्याचा अधिकार प्रेक्षकाला मिळतो तो त्यानंतरच.